चार्जरविरुद्धची फिर्याद

विरारहून चर्चगेटकडे सुटणाऱ्या सकाळच्या जलद गाड्यांचे वेळापत्रक पश्चिम रेल्वे ठरवीत असली, तरी वसई-विरार शहरातील घरगुती कलहांचे वेळापत्रकही त्याच गाड्यांवर बेतलेले असते, ही गोष्ट रेल्वेच्या कोणत्याही दफ्तरात नमूद नाही. घरातील मिळवता मुलगा किंवा मिळवती सून, एका हाताने डबा पिशवीत कोंबीत आणि दुसऱ्या हाताने भिंतीला लटकणाऱ्या वायरीतून मोबाईल उपटून घेत, पायांत चपला अर्ध्यामुर्ध्या सरकवून जिना उतरू लागते, आणि खाली उभ्या असलेल्या शेअर रिक्षातील चौथी जागा मिळते की नाही, या एकाच विवंचनेत जगातील इतर सर्व विवंचना तिच्या मनातून पुसल्या जातात. मागे भिंतीवर उरतो तो चार्जर. बटण चालू, वायर अधांतरी, आणि वायरीच्या टोकाशी काहीही नाही. दुसरा चहा, वर्तमानपत्र आणि देवपूजा आटोपून नऊच्या सुमारास घरातील सेवानिवृत्त गृहस्थ जेव्हा खोल्यांची पाहणी करण्यास निघतात, तेव्हा त्यांच्या दृष्टीस पडणारा पहिला मुद्देमाल हाच असतो, आणि संध्याकाळी, अंधेरीपासून वसईपर्यंत एका पायावर उभे राहून आलेल्या आरोपीस उंबरठ्यावरच जाब विचारला जातो, “सकाळी बटण कोणी चालू ठेवलं होतं?”

आमच्या इमारतीत हा प्रश्न सर्वांत अधिकारवाणीने विचारणारे गृहस्थ महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले आहेत, आणि कचेरीतल्या रिवाजाप्रमाणे सारी सोसायटी त्यांना भाऊसाहेब म्हणते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला, त्या धामधुमीत आपल्या ताब्यातील दफ्तराचा एकही गठ्ठा गहाळ झाला नाही, हे ते आजही अभिमानाने सांगतात. आणि ज्या मनुष्याने एका जिल्ह्याचे दोन जिल्हे होताना कागद हरवू दिला नाही, तो आपल्या स्वतःच्या दिवाणखान्यातून वीज हरवू देईल, ही अपेक्षाच अनुचित होय. महावितरणचे देयक हाती पडले, की ते प्रथम चष्मा पुसतात, मग वीज आकार, स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क या रकमांची ओळीने बेरीज करून छापलेल्या बेरजेशी रुजवात घालतात, आणि ती दर महिन्यास तंतोतंत जुळल्यामुळे निराश होऊन शेवटी चार्जरकडे वळतात. बेरजेत कसूर नाही, मीटरच्या छायाचित्रात कसूर नाही, तर मग कसूर घरातच असली पाहिजे, हा त्यांचा न्याय.

त्यांची फिर्याद थोडक्यात अशी. चार्जरला मोबाईल लावलेला असो वा नसो, बटण चालू असेपर्यंत तो वीज ओढतच असतो. थेंबाथेंबाने युनिट साचते. आणि असे साचलेले एखादे युनिट महिन्याच्या अखेरीस आपल्याला तीनशेवरून तीनशे एकवर ढकलते, की सारे बिल वरच्या दराने आकारले जाते. या फिर्यादीतील पहिला भाग शास्त्रदृष्ट्या निर्विवाद खरा आहे, दुसरा अंशतः खरा आहे, आणि तिसरा, जो ते सर्वांत मोठ्या आवाजात सांगतात, तो साफ चुकीचा आहे. घरगुती वीज आकार टप्प्याटप्प्याने लागतो. पहिल्या शंभर युनिटांना पहिला दर, एकशे एक ते तीनशेपर्यंतच्या युनिटांना दुसरा, तीनशे एक ते पाचशेपर्यंतच्यांना तिसरा. तीनशे एकावे युनिट महाग पडते ते एकटेच, मागल्या तीनशेंना ते बाटवीत नाही. परंतु भाऊसाहेबांनी हा खुलासा नामंजूर केला. “सरकारी कामात एक पाऊल ओलांडलं की आख्खं प्रकरण वरच्या टेबलावर जातं,” असे ते म्हणाले, आणि महसूल खात्यापुरते ते खरेही असेल.

राहिला प्रश्न परिमाणाचा. आणि सगळी मौज त्यातच आहे. आजचा नामांकित कंपनीचा चार्जर, मोबाईल नसताना, एका वॅटच्या दहाव्या हिश्श्याइतकी किंवा त्याहूनही कमी वीज घेतो. तो वर्षभर अहोरात्र चालू ठेवला, एकही रविवार सुट्टी दिली नाही, दिवाळीतही बटण बंद केले नाही, तरी वर्षाअखेरीस त्याच्या नावावर ०.८७६ युनिट जमा होते. म्हणजे एक युनिटसुद्धा पुरते भरत नाही. सर्व आकार आणि शुल्के धरून एका युनिटास दहा रुपये पडतात असे मानले, तर ही रक्कम नऊ रुपयांच्या आत राहते, आणि नऊ रुपयांत वसई रोड स्थानकाबाहेर अलीकडे वडापाव तर सोडाच, नुसता पावही खळखळ न करता मिळत नाही. तेव्हा ज्या नऊ रुपयांसाठी बाप-लेकांत वर्षभर रोज संध्याकाळी खडाजंगी होते, ती दिवसाकाठी अडीच पैशांची खडाजंगी असते. आणि अडीच पैसे नावाचे नाणे तर टांकसाळीने कधी पाडलेच नाही.

एवढ्या लहान वस्तूवर एवढा मोठा संशय का बसला, याला इतिहास आहे. मोबाईलच्या आरंभीच्या दिवसांत जे वजनदार, चौकोनी चार्जर मिळत, त्यांच्या पोटात लोखंडी गाभ्याभोवती तांब्याची तार गुंडाळलेले एक खरेखुरे रोहित्र असे, आपल्या नाक्यावरच्या रोहित्राची ती बाळआवृत्तीच. आणि नाक्यावरच्या रोहित्राप्रमाणेच ते कोणी वीज घेवो न घेवो, तापलेले राही. हात लावला तर चटका नव्हे, पण ऊब लागे, आणि ती ऊब म्हणजेच फुकट गेलेले एक-दोन वॅट असत. आताच्या हलक्या चार्जरांची रचना निराळी आहे. २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचे त्यात प्रथम एकदिश प्रवाहात रूपांतर होते. मग एक सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक स्विच तो प्रवाह सेकंदाला हजारो वेळा जोडतो आणि तोडतो. आणि इतक्या त्वरेने हे घडत असल्यामुळे आतले रोहित्र अगदी चिमुकले असले तरी भागते. मुख्य म्हणजे वायरीच्या टोकाशी मोबाईल नाही, हे त्या चिपला कळते, आणि ती आपले काम जवळजवळ तहकूब करून मधूनमधून तेवढी जागी होऊन कोणी आले काय, एवढे पाहून पुन्हा स्वस्थ होते. सरकारी कचेरीत दुपारी दोन ते तीन या वेळात खिडकीमागे जी व्यवस्था असते, तिच्याहून ही फारशी वेगळी नाही, हे मी भाऊसाहेबांना सुचवून पाहिले. ते त्यांना रुचले नाही.

ही सुधारणा चार्जर बनविणाऱ्यांना आपण होऊन सुचलेली नाही. अ‍ॅलन मायर नावाच्या कॅलिफोर्नियातील एका शास्त्रज्ञाने १९९८ साली असा प्रस्ताव मांडला, की कोणतेही उपकरण नुसते वाट पाहत असताना एका वॅटहून अधिक वीज खाता कामा नये. दुसऱ्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने तो उचलून धरला. आणि जुलै २००१ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी, म्हणजे धाकट्या बुश यांनी, सरकारी कचेऱ्यांनी शक्यतो एका वॅटच्या आतलीच उपकरणे खरेदी करावीत, असे फर्मानच काढले. २००८ च्या नोव्हेंबरात नोकिया, सॅमसंग, मोटोरोला, एलजी आणि सोनी एरिक्सन या त्या वेळच्या पाच प्रमुख कंपन्यांनी आपापल्या चार्जरांना, नुसते लटकलेले असताना ते किती वीज घेतात यावरून, शून्य ते पाच तारे देण्याचे ठरविले. युरोपीय संघाने आधी ०.३ वॅटची मर्यादा घातली आणि १ एप्रिल २०२० पासून ती ०.१ वॅटवर आणली. आता या सर्व खटाटोपामागील एक कारण मला फार मनोरंजक वाटते. अमेरिकेत आणि युरोप खंडातील बहुतेक देशांत भिंतीवरच्या सॉकेटला बटणच नसते. पिन आत गेली की वीज चालू. बटण नसल्यामुळे तेथे ‘बटण बंद कर’ असे कोणी कोणास म्हणू शकत नाही, आणि म्हणून शेवटी चार्जरलाच शिस्त लावावी लागली. आपल्याकडे इंग्रजांच्या कृपेने प्रत्येक सॉकेटशेजारी बटण आले, आणि त्यामुळे शिस्त लावण्यास घरातली माणसे सापडली.

भाऊसाहेब हे सारे ऐकून घेत, परंतु ऐकीव पुराव्यावर निकाल देणे त्यांच्या स्वभावात नसल्यामुळे, एका दुपारी त्यांनी प्रत्यक्ष स्थळपाहणी करण्याचे ठरविले. घरातील फ्रीज, पंखे, दिवे, सेट-टॉप बॉक्स इत्यादी सर्व काही बंद करून, दिवाणखान्यातील चार्जर तेवढा चालू ठेवून, ते एक स्टूल, एक मनगटी घड्याळ आणि एक वही घेऊन तळमजल्यावर जिन्याखाली असलेल्या मीटरच्या खोलीत जाऊन बसले. त्यांच्या मीटरवर ३२०० लुकलुकींना एक युनिट असे छापलेले आहे. म्हणजे मीटरवरचा तो तांबडा दिवा एकदा लुकलुकला, की युनिटाचा बत्तीसशेवा हिस्सा खर्ची पडला. नातवाने कागदावर मांडून दिलेल्या हिशेबाप्रमाणे एकट्या चार्जरच्या बळावर तो दिवा एकदा लुकलुकण्यास तीन तासांहून थोडा अधिक काळ लागावयास हवा होता. भाऊसाहेबांनी वहीत ‘आरंभ, दुपारी एक वाजून पाच मिनिटे’ अशी नोंद केली आणि दिव्यावर नजर रोखली. पहारेकरी डोकावून गेला. “काका, लाइट गया क्या?” असे त्याने विचारले, परंतु चौकशी चालू असताना साक्षीदाराशी बोलणे प्रशस्त नसल्यामुळे त्यास उत्तर मिळाले नाही.

दिवा लुकलुकला नाही. तीन तास उलटले, चार उलटले, शाळेतून मुले परत आली, आणि दिवा लुकलुकला नाही. त्यास कारण असे, की मीटरलाही आपल्या प्रतिष्ठेची एक किमान पायरी असते. पाच अँपिअरच्या मीटराने दहा-वीस मिलिअँपिअर प्रवाहास मोजू लागले पाहिजे अशी अपेक्षा असते, आणि एकट्या चार्जरचा वाटा अर्धा मिलिअँपिअरसुद्धा भरत नाही. इतक्या क्षीण प्रवाहाची दखल घेणे मीटरास मंजूर नसते. घरात पंखा-दिवा चालू असला, म्हणजे त्या मोठ्या प्रवाहाच्या संगतीने चार्जरचाही हिशेब लागतो, हे खरे. पण स्वतःच्या नावावर त्याला हजेरीपटात जागा नाही. अशा प्रकारे आरोपी हजर, फिर्यादी हजर, आणि मुद्देमाल मात्र मोजण्यायोग्य नाही, अशी कायद्याच्या पुस्तकात न सापडणारी परिस्थिती उद्भवली. भाऊसाहेबांनी वहीत ‘मीटर संशयास्पद’ असा शेरा मारला. वर आल्यावर त्यांना कळले, की बंद केलेल्या फ्रीजमधले दूध नासले आहे. एक लिटर दुधाच्या किमतीत तो चार्जर सहा वर्षे अखंड चालला असता, हा हिशेब मी त्यांच्या कानांवर घालणार होतो, परंतु तो काकूंनी, आकडे न वापरता, माझ्या आधीच घातलेला होता.

या स्थळपाहणीतून एक अनपेक्षित निष्पत्ती मात्र झाली. चार तास मीटरच्या खोलीत बसल्यामुळे भाऊसाहेबांच्या नजरेस शेजारपाजारची मीटरेही पडली, आणि त्यांतील काही दिवे अशा वेगाने लुकलुकत होते, की दोन लुकलुकींच्या मध्ये पापणी लवण्यासही सवड नव्हती. भर दुपारी तिसऱ्या मजल्यावर तीन-तीन एसी चालतात, दुसऱ्या मजल्यावरील सत्शील कुटुंब घरात कोणी नसताना काहीतरी चालू ठेवून जाते, आणि स्वतः सोसायटीच्या सामाईक मीटरचा दिवा तर सर्वांपेक्षा द्रुतगतीने धावतो, ही गुपिते त्यांना त्या दिवशी कळली. गावातील प्रत्येक खातेदाराची जमाबंदी तोंडपाठ असलेल्या कारकुनास जो आनंद होतो, तो त्यांच्या मुखावर पुढे आठवडाभर विलसत होता.

आणि येथे माझ्या मूळ मुद्द्यास हात घालणे प्राप्त आहे. विजेची काटकसर करताना आपण वीज जेथे जाते तेथे पाहत नाही. आपल्याला जेथे रागावता येते तेथे पाहतो. गिझर घ्या. दोन किलोवॅटचा गिझर पाव तास चालला, तर अर्धे युनिट जाते, म्हणजे चार्जरचे जवळजवळ सात महिन्यांचे अन्न एका आंघोळीत संपते. पण गिझर चालू ठेवून भूपाळी गुणगुणत पंधरा मिनिटे दाढी करणारे गृहस्थ स्वतः भाऊसाहेबच आहेत. तेव्हा तो विषय पटलावर येत नाही. सेट-टॉप बॉक्स घ्या. रिमोटने टीव्ही बंद करून सारे कुटुंब निद्राधीन झाल्यावरही तो बहुधा दहा वॅटांच्या आसपास वीज घेत राहतो. रिमोटने त्याचा पुढचा दिवा बदलतो, भूक बदलत नाही. दहा वॅट म्हणजे शंभर चार्जर. महिन्याला सात युनिटे तो एकटा बसल्या जागी फस्त करतो. परंतु संध्याकाळच्या मालिका त्याच्यातून येतात, आणि त्या काकू पाहतात, त्यामुळे त्याच्याविरुद्ध फिर्याद दाखल करून घेण्यास घरात कोणी धजत नाही. भारनियमनाच्या दिवसांत, जेव्हा वसई तालुक्यात वीज जाण्याच्या वेळा लोकांना आरतीसारख्या पाठ होत्या, तेव्हा घेतलेला इन्व्हर्टर अजून जिन्याच्या कोनाड्यात गुणगुणत आहे. बॅटरी भरलेली असतानाही तो आपल्या नुसत्या अस्तित्वासाठी चार्जरच्या शंभर-दोनशे पट वीज घेतो. फार काय, भाऊसाहेबांच्या घरी प्रत्येक स्विचबोर्डावर वीज असल्याचे दर्शविणारा जो तांबडा निऑन दिवा आहे, ज्याच्या उजेडात ते रात्री चार्जरचा शोध घेतात, तो दिवाच चार्जरइतकी किंवा त्याच्या दुप्पट वीज घेतो, आणि त्याला तर बंद करण्याचे बटणही नाही. चार्जर मात्र लहान आहे, डोळ्यांसमोर आहे, त्याला बटण आहे, आणि तो तरुण पिढीच्या मालकीचा आहे. शिक्षेस पात्र ठरण्यास एवढे गुण पुरेसे असतात.

केंब्रिजचे प्राध्यापक डेव्हिड मॅकाय यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या ऊर्जाविषयक ग्रंथात हाच हिशेब इंग्रजी थाटात मांडलेला आहे. चार्जर दिवसभर बंद ठेवून जी ऊर्जा वाचते, ती मोटारगाडी एक सेकंद चालविताच संपते, असे त्यांनी दाखवून दिले. आणि त्यांनी धरलेला चार्जर तर आजच्या चार्जरच्या पाचपट खादाड होता. वसईचा दाखला द्यायचा तर एक लिटर पेट्रोल जाळल्याने निघणारी उष्णता सुमारे नऊ युनिटांच्या तोलाची असते, म्हणजे चार्जरची दहा वर्षे. अंबाडी रोडवर संध्याकाळी सातच्या सुमारास वाहतूक खोळंबलेली असताना इंजिन बंद न करता पुढच्याच्या नावाने कर्णा वाजवीत उभ्या असलेल्या वाहनांकडे पाहिले, की किती चार्जरांची किती आयुष्ये तेथे धुराने जात आहेत, याची कल्पना येऊन मन विषण्ण होते. मग आपलीही रिक्षा त्याच रांगेत आहे, हे ध्यानात येते आणि विषण्णता जरा सौम्य होते.

“अहो, पण सगळ्यांनी मिळून किती होतं ते बघा की!” हा भाऊसाहेबांचा राखीव मुद्दा, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही, म्हणून तोही तपासून पाहिला पाहिजे. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महानगरपालिकेची लोकसंख्या सव्वाबारा लाखांच्या जवळपास होती. माणशी एक चार्जर सदैव चालू धरला, तान्ह्या बाळांनाही त्यातून सूट दिली नाही, तर सगळ्या शहराचे चार्जर मिळून सव्वाशे किलोवॅटांच्या आत राहतात. दीड-दीड किलोवॅटचे ऐंशी-एक एसी एकदम लावले की हा आकडा गाठला जातो, आणि ऐंशी एसी तर आता एकेका गृहसंकुलात असतात. देशाचा हिशेब अधिक भारदस्त होतो. भारतातील मोबाईल जोडण्या ११५ कोटींच्या घरात आहेत. प्रत्येकीमागे एक रिकामा चार्जर धरला, तर ११५ मेगावॅट होतात. आता आमच्याच जिल्ह्यात, बोईसरपलीकडे, तारापूरचे अणुविद्युत केंद्र आहे. १९६९ च्या ऑक्टोबरात सुरू झालेले हे देशातील पहिले अणुविद्युत केंद्र, आणि त्याच्या मूळच्या दोन संचांची क्षमता पुढे प्रत्येकी १६० मेगावॅट ठरविण्यात आली. म्हणजे साऱ्या देशाने चार्जर रिकामे लटकत ठेवले, तर त्या दोहोंपैकी एका संचाची बरीचशी वीज त्यांच्या सेवेस लावावी लागेल. हे ऐकून भाऊसाहेबांची छाती फुगली. “बघा! अणुभट्टी लागते!” असे ते संध्याकाळी बाकावर बसलेल्या सर्वांना सांगत होते. ३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी अडीच लाख मेगावॅटांवर गेली होती, आणि त्या मागणीचे दोन हजार भाग केले तर चार्जरच्या वाट्यास जेमतेम एक येतो, हा हिशेबाचा उत्तरार्ध ऐकण्यास ते थांबले नाहीत.

तथापि भाऊसाहेबांच्या पिढीची थट्टा करून मोकळे होणे अन्यायाचे होईल. ‘बटण बंद कर’ ही आज्ञा ते ज्या घरात शिकले, त्या घरात विजेचे दोनच दिवे होते, आणि गॅलरीतला साठ वॅटचा दिवा विसरून झोपले, तर एका रात्रीत अर्धे युनिट खरोखरच जात असे. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि वीज गावोगाव पोहोचविण्यास पुढली कित्येक वर्षे गेली. ज्यांनी कंदिलाची काच राखेने पुसून पुढे विजेचा पहिला दिवा लागताना पाहिला, त्यांना विजेचा अपव्यय हा अन्नाच्या अपव्ययासारखा वाटला तर नवल नाही. त्यांची आज्ञा शंभर टक्के योग्य होती. फक्त ती ज्या पत्त्यावर धाडली जात होती, तेथून साठ वॅटचा तो दिवा केव्हाच बिऱ्हाड बदलून गेला, आणि त्याच्या जागी एक दशांश वॅटचा भाडेकरू राहावयास आला, याची नोंद फेरफारात झाली नाही.

शिवाय बटण बंद करण्यास विजेच्या बचतीहून चांगले एक कारण आहे, आणि ते भाऊसाहेब कधी सांगत नाहीत. लोकलगाडीत फिरता विक्रेता ‘कंपनीचा माल’ म्हणून जो चार्जर पन्नास-साठ रुपयांत विकतो, त्याच्या पोटात काय आहे आणि काय नाही, हे त्या विक्रेत्यासही ठाऊक नसते; अशा चार्जरवर भारतीय मानक ब्यूरोचा शिक्का शोधू गेल्यास बहुधा शोधतच राहावे लागते. पावसाळ्यात कडकडाट सुरू झाला आणि व्होल्टेज खालीवर होऊ लागले, की असली वस्तू रात्रभर उशाशी चालू ठेवणे हे साहस होय. पश्चिम रेल्वेने तर मार्च २०२१ पासून लांब पल्ल्याच्या गाड्यांतील चार्जिंगचे सॉकेट रात्री ११ ते पहाटे ५ पर्यंत बंद ठेवण्याचा निर्णय घेतला, आणि त्यामागे आगीची भीती होती, विजेच्या बिलाची नव्हे.

याच चार्जरचा भाव एकदा अस्मानाला भिडलेला मी पाहिलेला आहे. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्यात बुडाले, लोकलगाड्या ठप्प झाल्या, नालासोपाऱ्याजवळ लांब पल्ल्याची गाडी प्रवाशांसकट अडकून पडली, आणि ठिकठिकाणी पाणी शिरल्याने वीजपुरवठाही बंद राहिला. त्या दिवसांत ज्या इमारतीत जनित्र चालू होते, तिच्या पहारेकऱ्याच्या खोलीत एकाच बोर्डाला एकात एक अडकवलेल्या चार्जरांचे झुबके लोंबत होते, आणि मोबाईल दोन काड्या भरावा म्हणून कमरेएवढ्या पाण्यातून आलेली प्रतिष्ठित माणसे तेथे नंबर लावून उभी होती. त्या रांगेत भाऊसाहेब होते. चार्जरवर मोबाईल नसताना बटण चालू आहे काय, हे त्यांनी त्या दिवशी पाहिले नाही.

सोसायटीच्या गेल्या वार्षिक सभेत थकबाकी, गच्चीची गळती आणि पार्किंग हे विषय तहकूब झाल्यावर भाऊसाहेबांनी चार्जरचा विषय मांडला, आणि कोणाच्याही खिशास हात लागत नसल्यामुळे तो एकमताने मंजूर झाला. ‘सभासदांनी चार्जरचे बटण बंद ठेवावे’ असा फलक लावण्याचे ठरले. सभा चालू असताना गच्चीवरची टाकी भरून ओसंडत होती, कारण पंप बंद करावयाचा पहारेकरी सभेसाठी सतरंज्या आणि खुर्च्या मांडीत होता. पाच अश्वशक्तीचा तो पंप पाव तास अधिक चालला, म्हणजे एका चार्जरचे सबंध वर्ष पाण्याबरोबर वाहून गेले, आणि वसईत पाणी वाहून जाणे ही विजेहून मोठी हानी आहे, हे टँकरची वाट पाहिलेल्यांना सांगावयास नको. त्याच सभेत खजिनदारांनी आणखी एक गोष्ट वाचून दाखविली, जिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. वीज वापरली काय आणि न वापरली काय, प्रत्येक घराच्या देयकात महिन्याला शंभराहून अधिक रुपये स्थिर आकार असतोच. तारा, खांब, रोहित्रे आणि मध्यरात्री पावसात खांबावर चढणारा माणूस ही सारी सज्जता आपण बटण दाबू त्या क्षणासाठी तिष्ठत असते, आणि तिष्ठण्याचे मोल द्यावेच लागते. तक्रार करण्याजोगे त्यात काही नाही. परंतु महावितरणच्या एका महिन्याच्या तिष्ठण्यात आपल्या चार्जरची दहा वर्षांहून अधिक वर्षे तिष्ठून होतात, एवढे तरी भाऊसाहेबांनी आपल्या वहीत नोंदवून ठेवावयास हरकत नव्हती.

वाचकांस माझी विनंती एवढीच, की आज रात्री निजण्यापूर्वी आपल्या घरातील चार्जरवर आणि मग सेट-टॉप बॉक्सच्या पाठीवर एकेकदा तळहात ठेवून पाहावा. चार्जर मोबाईलशिवायही गरम लागला, तर त्याचे बटण बंद करावे आणि सकाळी तो बदलून टाकावा. गार लागला, तर त्यास त्याच्या जागी स्वस्थ राहू द्यावे व मुलासही जेवू द्यावे. सेट-टॉप बॉक्स बहुधा गरमच लागेल; त्याचे बटण टीव्हीच्या मागे, कोळ्याच्या जाळ्याआड, हात सहसा पोहोचणार नाही अशा ठिकाणी असते. ते शोधून बंद करावे, आणि सकाळी गिझर लावण्यापूर्वी दाढी उरकून घ्यावी.